मार खाणारा नायक जवळचा का वाटतो? हाँगकाँगच्या कुंग फू विनोदीपटांबद्दल

काजवा:
ब्रूस ली १९७३मध्ये गेला आणि हाँगकाँगचे निर्माते त्याच्यासारखाच दुसरा शोधत राहिले. जॅकी चॅनलाही त्याच साच्यात घालून पाहिलं, जमलं नाही. मग १९७८मध्ये 'ड्रंकन मास्टर'मध्ये (दारुड्यासारखं झोकांड्या खात लढण्याच्या कुंग फूवरचा चित्रपट) दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याला वाँग फेई-हुंग केलं. हा वाँग म्हणजे दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि कुंग फूचा गुरू. क्वान तक-हिंग या नटाने सत्तरहून जास्त चित्रपटांत तो धीरगंभीर, सदाचारी रंगवलेला. इथे तोच उनाड पोरगा! मार खातो, पळून जातो, मग शिकतो. ब्रूस लीला बघून मी थक्क होतो, पण जॅकीने ठोसा मारून हात झटकला की माझाही हात दुखतो. माझ्या मते कुंग फू चित्रपट माणसांत आला तो असा.

रानवारा:
अजिबात पटलं नाही. १९७२च्या 'फिस्ट ऑफ फ्यूरी'मध्ये ब्रूस ली 'कुत्रे आणि चिनी यांना प्रवेश नाही' ही पाटी लाथेने फोडतो. त्या लाथेत अख्ख्या समाजाचा अपमान साठलेला आहे. सहा वर्षांत त्या रागाच्या जागी दारुड्याचे झोके आले. आणि तुम्ही म्हणता ते 'शिकणं' आठवा: पोराला उलटं टांगून इवल्या पेल्यांनी पाणी भरायला लावतात आणि आपण हसतो. जॅकी आणि पुढे त्याच्यासारखेच कुंग फू नट झालेले सॅमो हुंग, युएन बिआओ ही मुलं यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय, कसरती आणि लढाई एकत्र असलेलं चिनी संगीतनाट्य) शाळेत खरोखर छड्या खात वाढली. त्यांचा छळच गंमत म्हणून पडद्यावर आला.

अत्तरदाणी:
माझा आक्षेप वेगळा आहे. हाँगकाँगचा विनोदी नट-दिग्दर्शक स्टीफन चाऊ, त्याचा विनोद कँटोनीज या तिथल्या भाषेतल्या शब्दखेळावर उभा आहे, तो डबिंगमध्ये गळून पडतो. आपल्यापर्यंत फक्त अंगविक्षेप पोचतात. त्याच्या 'कुंग फू हसल'मधली घरमालकीण मात्र भाषेशिवायही पोचते. केसांत कर्लर, तोंडात सिगारेट, आणि तिची किंकाळी हेच तिचं अस्त्र! ती भूमिका करणारी युएन च्यूही त्याच ऑपेरा शाळेतली.

काजवा:
रानवारा, छडीचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण विनोद राग घालवायला आणला, हे चूक. पेकिंग ऑपेरात 'सान-छा-खौ' नावाचा प्रवेश आहे. सरायीत मिट्ट काळोख, गैरसमजातून दोघे एकमेकांना चाचपडत तलवारी चालवतात. प्रत्यक्षात रंगमंचावर लख्ख उजेड असतो! पातं नाकासमोरून जातं आणि प्रेक्षक श्वास रोखून हसतात. त्यातला एक 'वू-छौ', म्हणजे लढणारा विदूषक. या पोरांच्या अंगात ही परंपरा शाळेतच मुरली होती.

रानवारा:
पण त्या प्रवेशात कसब आहे ते पातं अंगाला न लागू देण्याचं. १९८६च्या 'आर्मर ऑफ गॉड'साठी युगोस्लाव्हियात झाडावर उडी मारताना जॅकी खाली पडला, कवटी फुटली, आणि तो प्रसंग चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीत दाखवला. तिथे मला हसता येत नाही.