प्रतिसाद : राज्य भीतीतूनच जन्मलं का?

राज्य, म्हणजे शासनसंस्था, माणसांच्या एकमेकांबद्दलच्या भीतीतूनच जन्मलं का, असा इथल्या चर्चेचा प्रश्न आहे. राज्य नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील, हा इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जचा १६५१ मधला मुद्दा त्यात आलाय. महाभारताच्या शांतिपर्वातला मत्स्यन्याय, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो ही स्थिती, तेच सांगतो. मला ते अर्धंच पटतं.

आमच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव. ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईस्तोवर निर्णय होत नाही. बांबू कधी, किती तोडायचा तेही तिथेच ठरतं. दंडुका घेऊन कोणी उभं नसतं! पण २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो संसदेच्या २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे. शिस्त गावाची, हमी राज्याची. म्हणून मला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक जवळचा वाटतो. त्याचं म्हणणं : हक्क राखणं हेच सरकारचं काम, आणि ते मोडणारं सरकार उलथवायचा अधिकार लोकांना.