भाचीला ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’ची ऑफर आली आहे. हे कॉल सेंटरच का?

कळव्याचा_मामा

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका पतपेढीत हिशेबाचं बघतो, आयटीतलं मला ओ की ठो कळत नाही. भाची यंदा बीएस्सी आयटी झाली. तिला दोन ऑफर आल्यात. एक महापेला, पद ‘असोसिएट, ॲप्लिकेशन सपोर्ट, एल-वन’, तिन्ही पाळ्या. दुसरी वागळे इस्टेटला, मॅन्युअल टेस्टर, दिवसाची, पगार दोन हजारांनी कमी.

भाऊजी म्हणतात सपोर्ट म्हणजे कॉल सेंटर, याच्यासाठी का शिकवलं? तिच्या मैत्रिणी म्हणतात डेव्हलपर नाही झालीस तर काही खरं नाही. भाची रडकुंडीला आलीये. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आहेत आणि ताईने जाहीर केलंय की ‘दादा सांगेल’. आता दादा काय सांगणार? ही सगळी पदं म्हणजे माणूस दिवसभर नक्की करतो काय, ते कुणी समजेल असं सांगेल का?

ऐरोलीची_डीबीए

मामा, मी २००९ साली महापेलाच एल-वन म्हणून लागले. आमच्या बाबांनीही हाच शब्द वापरला होता. कॉल सेंटर.

कॉल सेंटरात माणूस फोन करतो. सपोर्टमध्ये बहुतेक वेळा यंत्रच ओरडतं. स्क्रीनवर लाल ओळ येते, तिचं तिकीट होतं, म्हणजे तक्रारीची नोंद. एल-वनने ते उचलायचं, लिहून ठेवलेल्या पायऱ्यांनी सुटतंय का बघायचं, नाहीतर एल-टूकडे द्यायचं. एल-टू लॉग, म्हणजे सिस्टीम स्वतःच लिहित जाते त्या नोंदी, वाचून कारण शोधतो. कोडमध्येच खोट निघाली तर एल-थ्री, म्हणजे ज्यांना कोड बदलता येतं ते.

माझीच एक रात्र सांगते, म्हणजे बाकीची पदंही त्यातच येतील. महिनाअखेर होती. व्याज लावायची बॅच, म्हणजे सगळ्या खात्यांवर एकदम चालणारा प्रोग्राम, चालू. एक वाजून दहा मिनिटांनी अलर्ट आला, डिस्क ८५ टक्के भरली. मी ‘ॲकनॉलेज’ दाबलं, म्हणजे ‘पाहिलं बरं का’, आणि खाली सायकलवाल्याकडे चहा प्यायला गेले. ८५ म्हणजे अजून १५ आहेत की! दोन चाळीसला सगळं ठप्प.

तुम्ही हिशेबातले, लगेच समजेल. ऑरॅकलचा डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्दीत लिहितो. ती वही भरली की तिची प्रत कपाटात ठेवतो आणि मग वही पुन्हा वापरायला घेतो. कपाटात जागाच नसेल तर तो वहीवर वही गिरवत नाही, हात जोडून बसतो. नवी नोंद बंद. महिनाअखेरीच्या बॅचने त्या रात्री ढिगाने वह्या भरल्या होत्या.

ऑन-कॉल डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, डोंबिवलीला झोपलेले. फोनवर मला म्हणाले, “घाबरू नको, आणि एकही फाइल हाताने उडवू नको. आधी बघ, शेवटचा बॅकअप कितीचा आहे?” मग एकेक कमांड अक्षर-अक्षर सांगत, बॅकअप झालेल्या जुन्या प्रती आरमॅनमधून (ऑरॅकलचंच बॅकअपचं साधन) काढायला लावल्या. तीन पंचवीसला बॅच परत धावायला लागली. ४५ मिनिटं. करारात सिस्टीम ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलं होतं, म्हणजे तीस दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद चालतं. महिन्याचा कोटा मी एका चहात संपवला.

सकाळी कारणमीमांसेचा कागद झाला. त्यात ‘अलर्ट ॲकनॉलेज केला, कारवाई नाही’ अशी ओळ होती. नाव नव्हतं. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

आता बाकीची मंडळी. ती बॅच लिहिणारा तो डेव्हलपर. लाखभर खात्यांना एकदम व्याज लावलं तर काय होईल, हे आधी विचारणं टेस्टरचं काम. बँकेने ‘रिपोर्ट सकाळी लवकर हवा’ म्हटलं, तर लवकर म्हणजे सहा की नऊ हे खोदून कागदावर आणतो तो बिझनेस ॲनालिस्ट. (हे काम भल्याभल्यांना जमत नाही. ‘सगळं’, ‘लगेच’, ‘नेहमीसारखं’ असले शब्द ऐकून जो थांबतो आणि पुन्हा विचारतो तोच खरा.) डेव्हऑप्सवाला डिस्क ८० वर गेली की आपोआप जागा वाढेल असं लिहून ठेवतो, म्हणजे कुणाच्या चहावर काही अवलंबून राहत नाही. प्रोजेक्ट मॅनेजर सकाळी शिव्या खातो. आणि डोंबिवलीच्या त्या साहेबांचं काम मला त्या रात्री इतकं आवडलं की आज मी तेच करते. आता फोन मला येतो.

रविवारी बोलायचं ते असं. पदाच्या नावावर जाऊ नका. एका कंपनीतला ‘इंजिनिअर’ दुसरीकडे ‘असोसिएट’ असतो आणि काम तेच. भाचीला एकच विचारायला सांगा: लॉगिन कशाकशाचं मिळणार? नुसत्या तिकिटाच्या स्क्रीनचं असेल, तर ती पासवर्ड रीसेट करत बसेल आणि भाऊजी खरे ठरतील. सर्व्हरचे लॉग वाचायला आणि डेटाबेसवर निदान सिलेक्ट (माहिती नुसती काढून बघायची कमांड) चालवायला मिळत असेल, तर डोळे मिटून घ्यावी. बंद पडलेली सिस्टीम कॉलेजात कुणी दाखवत नाही. फक्त दोन वर्षांच्या वर एल-वनला राहू नये, नंतर मुलाखतीत कुणी दुसरं काही विचारतच नाही.

रात्रपाळीचं म्हणाल तर २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि घराच्या दारापर्यंत गाडी द्यावी लागते. नाक्यापर्यंत नाही, दारापर्यंत. हे लेखी घ्या.

बग_पकडू

ताईंचं सगळं पटलं, पण टेस्टरला एका ओळीत उरकलंत म्हणून लिहितोय. मी वागळेलाच आहे, अकरा वर्षं.

लोकांना वाटतं टेस्टर म्हणजे बटणं दाबणारा. मी विम्याच्या एका ॲपवर होतो. २९ फेब्रुवारीला घेतलेली पॉलिसी पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला संपते? डेव्हलपरने थेट वर्षात एक मिळवला होता, आणि २९ फेब्रुवारी तर चार वर्षांनी. सिस्टीम कोसळली. हे कुणीतरी आधी डोक्यात आणावं लागतं ना?

भाचीला मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची, तीव्रता आणि तातडी यात फरक काय? उत्तर असं की पहिल्याच पानावर कंपनीच्या नावात चूक असेल तर कामकाजाला शष्प फरक पडत नाही, पण तासाभरात दुरुस्त करावी लागते.

मात्र नुसतं मॅन्युअल धरून राहू नये. वर्षभरात सेलेनियम (वेबसाइटच्या चाचण्या आपोआप चालवायचं साधन) शिकायचं, म्हणजे थोडं कोड आलंच. ते टाळायला म्हणून टेस्टिंगमध्ये येणारे पुढे अडकतात.

रॅक_नंबर_४२

रबाळ्याला डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं बघतो. आमची आठवण कुणालाच नाही! पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा या क्रमाने कनेक्टरमध्ये बसवायच्या, एक चुकली की वरचे सगळे डेव्हलपर आणि डीबीए हातावर हात ठेवून. मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि आत मी स्वेटर घालून. बाकी चालू द्या.

कळव्याचा_मामा

मंडळी, रविवार पार पडला. ताईंचा प्रश्न भाचीने कंपनीला मेल केला होता. एचआरने नेहमीसारखं ‘रुजू झाल्यावर कळेल’ म्हटलं, मग तिने नेटाने मॅनेजरचा फोन मागून घेतला. तीन महिन्यांनी लॉग आणि डेटाबेस दोन्ही मिळणार, फक्त वाचायला. महिन्यात सात रात्री. गाडी दारापर्यंत, मेलवर आलंय. दिवसपाळीला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरून पुढे रिक्षा.

भाऊजींना रोजकीर्दीचा दाखला दिला. आमटीचा भुरका मारून म्हणाले, “म्हणजे ही डीबीए होणार का?” मी म्हटलं, आधी एल-वन तर होऊ दे. महापेचं नक्की केलंय. एक तारखेला जॉइन. तोवर तिने काय वाचावं?

ऐरोलीची_डीबीए

वा! मॅनेजरचा फोन मागून घेतला म्हणजे पोरगी टिकेल. वाचू नका म्हणावं, लॅपटॉपवर लिनक्स टाकून हाताने करा. टेल (फाइलीचा शेवट बघायला), ग्रेप (फाइलीत शब्द शोधायला), आणि सगळ्यात आधी डीएफ.

कळव्याचा_मामा

डीएफ म्हणजे?

ऐरोलीची_डीबीए

डिस्कवर जागा किती उरलीये ते. तिला विचारा, येत असेल तिला.