मदत हवी आहे: जुना अ‍ॅस्ट्रो कॅमेरा लॅपटॉप ओळखतच नाहीये (स्टिकर पुसलंय, मॉडेल माहीत नाही)

अंधारयात्री

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या पाटावरची आरशाची दुर्बीण) आहे, एफ ८ (फोकल लांबी आरशाच्या रुंदीच्या आठपट), आरसा स्वतः घासलेला. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका काकांकडून जुना अ‍ॅस्ट्रो कॅमेरा (दुर्बिणीत डोळ्याऐवजी लावायचा) घेतला, दोन हजारात. लहान डबीएवढा काळा, पुढे सव्वा इंची नळी, मागे चौकोनी यूएसबी (प्रिंटरला असते ना, तसली) आणि बाजूला टेलिफोनच्या पिनेसारखं एक भोक. खाली स्टिकर होतं पण ते इतकं घासलं गेलंय की फक्त 'मेड इन' एवढंच वाचता येतं. काका म्हणाले "आमच्याकडे विंडोज सेव्हनवर मस्त चालायचा रे", आणि नंतर कपाटात गेला तो गेलाच. कपाट रत्नागिरीतलं, म्हणजे तीन-चार पावसाळे खाल्लेत त्याने.

माझा लॅपटॉप विंडोज ११. कॅमेरा लावला की टुंग आवाज येतो, मग लगेच दुसरा आवाज, आणि कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड'. शार्पकॅपमध्ये (कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) काही दिसत नाही, फक्त लॅपटॉपचा वेबकॅम दिसतो आणि त्यात माझंच वैतागलेलं तोंड. सगळे पोर्ट करून झाले, रीस्टार्ट करून झालं, नेटवरून 'ऑल ड्रायव्हर अपडेटर' असलं काहीतरी टाकलं तर त्याने कॅमेरा सोडून बाकी सगळ्याचे ड्रायव्हर जुने आहेत म्हणून सांगितलं आणि पैसे मागितले, ते काढायला एक रविवार गेला. बॉक्समध्ये छोटी सीडी आहे, त्या आठ सेंटीमीटरवाल्या असतात ना तसली, वर मार्करने 'ड्रायव्हर' लिहिलंय, पण माझ्या लॅपटॉपला सीडीची सोयच नाही.

घाई अशासाठी की १० जानेवारीला (२०२६) गुरू प्रतियुतीत (सूर्याच्या बरोबर समोर) आहे, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ रात्रभर आकाशात, आणि भाचीला (आठवीत आहे) गुरूचे पट्टे स्क्रीनवर दाखवतो असं बोलून बसलोय. कॅमेरा गेलाच असेल तर तसं सांगा, मनाची तयारी आहे.

खडूसकाका

दोन हजार गेले समजा. मोबाईल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धरा आणि फोटो काढा, गुरूचे चार चंद्र येतात.

तांब्याची तार

खडूसकाकांकडे लक्ष देऊ नका, ते सगळ्यांना मोबाईलच धरायला सांगतात.

'ओळखत नाही' एवढ्यावरून काही कळत नाही हो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कॅमेरा लावल्यावर पिवळा त्रिकोण कुठे येतो बघा, त्यावर डबल क्लिक करून कोड किती लिहिलाय ते इथे टाका. ४३ असेल आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागूच नका. त्याचा अर्थ बेल वाजली, तुम्ही दार उघडलंत, "कोण?" विचारलंत आणि पाहुणा गप्प उभा आहे. नावच नाही सांगितलं तर विंडोज कुठला ड्रायव्हर शोधणार. अशा वेळी केबल, कनेक्टर, पॉवर ह्यातलं काहीतरी असतं. कोड २८ असेल तर पाहुण्याने नाव सांगितलंय पण घरात कोणी त्याला ओळखत नाही, म्हणजे ड्रायव्हर नाहीये. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हर आहे पण त्यावर डिजिटल सही नाही म्हणून विंडोज आत घेत नाहीये. तिन्हीचे इलाज वेगळे.

आणि केबल कुठली वापरताय ते पण सांगा.

अंधारयात्री

४३ आहे, शब्द पण तेच. केबल म्हणजे काकांनी दिलेली साधारण दोन मीटरची आणि तिला पुढे तीन मीटरचं एक्स्टेन्शन, कारण दुर्बीण गच्चीवर आणि लॅपटॉप जिन्यात ठेवायचा होता (दव पडतं).

तांब्याची तार

अहो मग तिथेच शेण खाल्लंत. यूएसबी २ ला पाच मीटर म्हणजे अगदी शेवटची हद्द आणि तीसुद्धा एकसलग चांगल्या केबलची, मध्ये जोड असला की त्याच्याही आत गडबड सुरू. एक्स्टेन्शन काढा, घरातल्या प्रिंटरची आखूड केबल लावा. यूएसबी २ चा साधा हब असेल तर तो मध्ये टाकून बघा, जुन्या वस्तूंचं नव्या निळ्या पोर्टांशी कधीकधी जमत नाही, हबमधून जमतं. आणि कॅमेऱ्याच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारा.

अंधारयात्री

टॉर्च मारला. चार पिना आहेत त्यातल्या दोन चक्क हिरव्या, देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या ताम्हनाला येतो तसा हिरवा थर. फोनवाल्याकडून आयसोप्रोपिल (साफसफाईचं अल्कोहोल) आणलं, जुना टूथब्रश कापून अर्धा केला आणि हळूहळू घासलं, कापसावर निळसर हिरवा रंग येत होता, चौथ्या बोळ्याला यायचा थांबला. तासभर वाळवलं. प्रिंटरची केबल लावली, आणि आता ४३ गेला! कोड २८ आला. हे प्रगतीचं लक्षण आहे ना? :)

हार्डवेअर आयडीमध्ये व्हेंडर ०४बी४ आणि प्रॉडक्ट ८६१३ असं आहे.

पुनर्वसू

धागा वाचत होतो, हा आकडा बघून राहवलं नाही. ०४बी४ म्हणजे सायप्रेस कंपनी, कॅमेरा बनवणारी नव्हे, आतली यूएसबीची चिप बनवणारी. त्या काळच्या कितीतरी अ‍ॅस्ट्रो कॅमेऱ्यांत सायप्रेसची एफएक्स२ चिप असायची. तिची गंमत अशी की कॅमेऱ्याचा प्रोग्राम तिच्यात कायमचा साठवलेला नसतो, बहुतेक वेळा शेजारच्या इवल्याशा ईईप्रॉममध्ये (छोटी मेमरी चिप) फक्त आयडी असतो, 'मी अमुक कंपनीचा अमुक कॅमेरा' एवढाच. कॅमेरा लावला की तो आयडी बघून ड्रायव्हर फर्मवेअर (म्हणजे कॅमेऱ्याचा तो प्रोग्राम) आत ओततो, मग कॅमेरा स्वतःहून निघतो आणि नवीन आयडी घेऊन परत जोडला जातो. म्हणून चालू कॅमेऱ्यालासुद्धा दोनदा टुंग येतो, त्याने घाबरायचं नाही.

पण ८६१३ हा चिपचा कारखान्यातला मूळ आयडी आहे. ईईप्रॉम सापडलंच नाही की ती हाच सांगते. म्हणजे तुमचा कॅमेरा स्वतःचं नाव विसरलाय. अशा अवस्थेत सीडीवरचा ड्रायव्हर टाकला तरी बसणार नाही. सॉकेट हिरवं झालं होतं म्हणताय, तर आत पण तेच झालं असेल असा माझा अंदाज. मागचं झाकण उघडायची हिंमत आहे का? सेन्सरच्या काचेला बोट लावू नका, बाकी काही होत नाही.

खडूसकाका

उघडा उघडा, नाहीतरी दोन हजार गेलेतच.

अंधारयात्री

उघडला. चार स्क्रू, त्यातला एक गंजलेला, त्याने रडवलं. आत बोर्ड एकदम छोटा, मधे मोठी चौकोनी चिप, आणि सॉकेटच्या बाजूला आठ पायांचा एक किडा (तेच ईईप्रॉम असावं). त्याच्या दोन पायांमध्ये पांढरट हिरवी पावडर, भिंतीला लोणा येतो तशी. तोच टूथब्रश, तेच आयसोप्रोपिल. भाची मोबाईलचा टॉर्च धरून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी "मामा तुटलं का?" विचारत होती. रात्रभर तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला (डब्यात नाही, धूळ असते).

सकाळी लावला तर आयडी बदललाय!! व्हेंडर, प्रॉडक्ट दोन्ही वेगळे. अजून कोड २८च आहे पण आता निदान काहीतरी स्वतःचं नाव सांगतोय.

मग सीडी घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे ट्रेवाला जुना ड्राइव्ह आहे, छोटी सीडी मधल्या खाचेत बसली. सीडीवर 'आयएनएफ' नावाच्या (ड्रायव्हरची माहिती असते त्या) दोन फायली आहेत, नोटपॅडमध्ये उघडल्या तर त्यातल्या एकीत माझाच नवीन आयडी! म्हणजे सीडी ह्याच कॅमेऱ्याची आहे, काका खरं बोलत होते. पण विंडोज ११ मध्ये त्या फायली दाखवल्या तर सहीवरून नकार.

पुनर्वसू

दोन फायली म्हणजे एक फर्मवेअर ओतणारी आणि दुसरी प्रत्यक्ष कॅमेऱ्याची, दोन्ही लागतात. एकीवर थांबाल तर कॅमेरा अर्ध्यात अडकेल.

सहीबद्दल: ६४ बिट विंडोजमध्ये व्हिस्टापासूनच कर्नल ड्रायव्हरला सही लागते, ३२ बिटला तेवढी सक्ती नव्हती, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की स्टार्टअप सेटिंग्जमध्ये सात नंबरला सहीची सक्ती बंद करायचा पर्याय आहे, पण तो पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकतो. आणि तुमच्या फायली ३२ बिटच्याच असतील तर सही बंद करूनही काही होणार नाही. रोजच्या वापराच्या, बँकेचं काम करायच्या लॅपटॉपवर मी हे करणार नाही. व्हर्च्युअल मशीनचा (लॅपटॉपच्या आतच दुसरं जुनं विंडोज चालवायचा) सल्ला कोणीतरी देईलच, त्यात अडचण ही की कॅमेरा मध्येच आयडी बदलतो, मग दोन्ही आयडी आत पाठवायची सोय करावी लागते, नाहीतर फर्मवेअर ओतलं की कॅमेरा बाहेरच्या विंडोजकडे परत जातो.

तांब्याची तार

+१. घरात, शेजारी, भावाकडे कोणाचा जुना विंडोज सेव्हनचा ३२ बिट लॅपटॉप पडला असेल तो मागा. नेट लावू नका, फक्त कॅमेऱ्यासाठी ठेवा. दहा-बारा वर्षांचा कॅमेरा दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपवरच सुखी असतो.

अंधारयात्री

मोठ्या भावाकडे निघाला! बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद, 'एस' बटण नाही, पण ३२ बिट सेव्हन. आधी फर्मवेअरवाला ड्रायव्हर, मग दुसरा. टुंग, आणि परत टुंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रिकोण नाही. सीडीवरच्या कॅप्चर प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा सगळं पांढरं आलं तर मला वाटलं सेन्सर गेला, नळीवर तळहात ठेवला तर काळं झालं. भाची नाचली.

८ तारखेला रात्री गच्चीवर लावला, एक्स्टेन्शन वीजेच्या वायरला, यूएसबीला नाही. २एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग) लावून गुरू स्क्रीनवर आला. ब्लॅक अँड व्हाइट आहे पण दोन पट्टे स्पष्ट. डॉब ट्रॅक करत नाही (आकाशाबरोबर आपोआप फिरत नाही) त्यामुळे गुरू डावीकडून उजवीकडे निघून जातो, साधारण ३८ सेकंद मिळतात, तेवढ्यात व्हिडिओ घ्यायचा, परत ढकलायचा. फ्रेम १२८० बाय १०२४ आहे. पेंटमध्ये मोजलं तर गुरू १०४ पिक्सेल रुंद.

मॉडेल मात्र अजून कळलं नाही, सीडीवरच्या आयएनएफमध्ये एकाच आयडीखाली तीन नावं आहेत.

पुनर्वसू

१०४ पिक्सेल? मग गुरूलाच विचारा की. आत्ता त्याची रुंदी सुमारे ४६.६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आहे. भागिले १०४ केलं की पिक्सेलला ०.४५ विकला. तुमचं फोकल १२०० मिमी, बार्लोने २४००. ०.४५ गुणिले २४०० भागिले २,०६,२६५ (एका रेडियनमधल्या विकला) म्हणजे ०.००५२ मिमी. पिक्सेल ५.२ मायक्रॉन! १२८० बाय १०२४, ब्लॅक अँड व्हाइट, ५.२ मायक्रॉन: हा बहुतेक एमटी९एम००१ सेन्सर, जुन्या गायडिंग कॅमेऱ्यांत (दुर्बीण ताऱ्यावर नेमकी धरून ठेवायला वापरतात ते) हा खूप असायचा आणि बाजूचं टेलिफोनचं भोक पण त्यासाठीच आहे, माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला) सूचना द्यायला. तीन नावांपैकी ज्यात हा सेन्सर असेल ते तुमचं.

अंधारयात्री

तीनपैकी एकच जुळतंय! स्केचपेनने खाली लिहून टाकलं आणि वर सेलोटेप लावली.

आता पुढचा प्रश्न, धागा बंद करू नका. व्हिडिओत आडव्या फिकट रेषा येतायत, गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की जास्त. चार्जर काढून बघितलं असतं पण मग लॅपटॉपच बंद होतो. अर्थिंगचा प्रॉब्लेम की सेन्सरच तसा?

खडूसकाका

आधी गुरूचा फोटो टाका, मग रेषांचं बघू.