मॉसच्या बोंडीसमोर तेरड्याचे काय लिहावे?

प्रश्न
खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. पावसाळ्यात आमच्या जांभ्या दगडाच्या कुंपणावर मॉसची मखमल चढते आणि त्याच्याच पायथ्याशी तेरडा फुलतो, म्हणून या दोहोंच्या तुलनेचा तक्ता मी फळ्यावर मांडला. मुळासमोर मूलाभ, बीसमोर बीजाणू, येथवर ठीक झाले. परंतु मॉसच्या शेंड्यावरील तपकिरी देठ व बोंडी यांच्यासमोर तेरड्याचे फूल लिहावे की फळ, असे एका मुलीने विचारले आणि मी अडलो.

उत्तर १
सर, फूलही नको आणि फळही नको. तेथे तेरड्याचे संपूर्ण झाड लिहावे. तेरड्याचे मूळ, खोड, पाने यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. मॉसचे हिरवे रोप मात्र एकाच संचाचे असते आणि फलनानंतर त्याच्या शेंड्यावर वाढणारे देठ व बोंडी तेवढीच दोन संचांची असतात. ही बोंडी पाणी आणि बरेचसे अन्न खालच्या हिरव्या रोपाकडूनच घेते. उलट, मॉसच्या हिरव्या रोपाशी नाते सांगणारी एकाच संचाची पिढी तेरड्यात शोधायची, तर ती दोन-तीन पेशींच्या परागकणात आणि बीजांडातील भ्रूणकोशात सापडते. सपुष्प वनस्पतींत हा कोश बहुधा सात पेशींचाच असतो. एका संचाची पिढी आणि दोन संचांची पिढी यांची ही अदलाबदल हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1851 साली उलगडून दाखवली. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात, पण तुलनेत तेरड्याची दोन संचांची पिढी मॉसच्या तशाच पिढीपेक्षा फारच मोठी, स्वतंत्र आणि स्वावलंबी असते.

उत्तर २
वरील उत्तर योग्यच आहे. प्रयोगाचे तेवढे जोडतो. तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवल्यास तिच्या पाणीदार, अर्धपारदर्शक खोडात थोड्याच वेळात तांबड्या रेषा चढताना दिसतात, त्या जलवाहिन्या होत. मॉसमध्ये अशा काष्ठमय वाहिन्या नसतात, म्हणून ते बोटभर उंचीच्या पुढे सहसा जात नाही. फ्युनारिया जातीचे मॉस मिळाले, तर त्याचा वाळलेला देठ दोरीसारखा पिळलेला दिसेल. त्यावर श्वास सोडला की तो हळूहळू उलगडतो. आणखी एक विनंती: आपल्याकडे विहिरीतल्या हिरव्या थरालाही शेवाळ म्हणतात आणि भिंतीवरच्या मॉसलाही, परंतु पहिले शैवाल आहे, तेव्हा तक्त्यात शब्द सांभाळून वापरावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तक्ता पुसून पुन्हा लिहिला. आता त्याच मुलीची शंका अशी, की कोवळ्या बोंडीवर जी टोकदार टोपी असते, ती कोणत्या पिढीची?

उत्तर १
मुलगी हुशार आहे. ती टोपी बोंडीची नव्हे, खालच्या हिरव्या रोपाची असते. ज्या सुरईसारख्या अवयवात अंडपेशी होती, तोच वाढत्या बोंडीबरोबर ताणून फाटतो आणि त्याचा वरचा भाग तिच्या माथ्यावर राहतो. चिमट्याने ती अलगद ओढून काढता येते.