मदत हवी आहे: ॲम्प्लिफायरचा फॅन टकटक करतोय

मंडळी, ॲम्प्लिफायरच्या हीटसिंकसाठी १० के एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर), एलएम ३५८ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा ऑपॲम्प) आणि बीडी १३९ ट्रान्झिस्टर घेऊन १२ व्होल्ट फॅनचं सर्किट केलंय (आधी बीसी ५४७ लावलेला, तो १०० मिलीअँपचा आणि फॅन १८० चा, गेला बिचारा). आता फॅन लागतो पण ५० डिग्रीच्या आसपास सारखा चालू-बंद, घरचे वैतागलेत. ऑपॲम्पच्या आउटपुटपासून प्लस इनपुटला रेझिस्टर टाकून हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानात अंतर) द्यायचा एवढं कळलं, पण १ मेगओहम टाकला तर फरक शून्य आणि २२ के टाकला तर एकदा लागला की बंदच होईना. मला ५० ला चालू, ४५ ला बंद हवंय, व्हॅल्यू कशी काढायची? की फॅन लागल्यावर सप्लाय पडतो म्हणून होतंय? थर्मिस्टर आणि प्रीसेट (तापमान सेट करायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) दोन्ही थेट १२ व्होल्टवरच आहेत, रेग्युलेटर नाही.