बेबीलिफ्टची मुलं आणि तेतचे मेळावे

वर एकांनी विचारलंय की व्हिएतनामहून दत्तक गेलेली मुलं युद्धातून वाचली, चांगल्या घरी वाढली. मग आता पन्नाशीत ही मुळांची शोधाशोध आणि मेळावे कशाला? वाचली हे खरंच. पण एप्रिल १९७५मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडायच्या आधी 'ऑपरेशन बेबीलिफ्ट' या अमेरिकेच्या विमान मोहिमेने अडीच हजारांहून जास्त मुलं अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा वगैरे देशांत नेली, तीही प्रचंड घाईत. ४ एप्रिलला तर एक विमान कोसळून ७०हून अधिक मुलं गेली. आणि सगळी अनाथ नव्हतीच! काहींना आईबापांनी अडचणीपायी तात्पुरतं अनाथालयात ठेवलं होतं. यावर अमेरिकेत त्याच वर्षी खटलाही झाला. कागदपत्रं अपुरी, म्हणून आज डीएनए चाचणीचा आधार.

नंतर होड्यांतून आलेल्या निर्वासितांच्या घरी निदान भाषा टिकली, तेतला, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाला, केळीच्या पानातला बान्ह तेत (चिकट भाताचा, आत मूगडाळ घातलेला पदार्थ) होत राहिला. गोऱ्या घरांत वाढलेल्यांना हे चाळिशीत शिकावं लागतं, आणि व्हिएतनामी लोकांतही ते थोडे परकेच. त्यामुळे दत्तक आणि स्थलांतर एकाच मंचावर आणणारे कार्यक्रम मला गरजेचे वाटतात. फक्त तिथे जन्मदात्या आयांची बाजूही यायला हवी. ती फार कमी ऐकू येते.