मदत हवी आहे: मुळे (वाळूतले शिंपले) आणि शिनाणे (दोरीवर वाढवतात ते शिंपले) नेमकं कोण फोडतंय? (कर्ली खाडी)

खाजणकाठी

नमस्कार मंडळी. खाडीतल्या माशांची माहिती असणाऱ्या कोणाच्या तरी नजरेस पडावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कोकणातल्या कर्लीच्या खाडीत आमच्या बचत गटाचा शिनाण्यांचा मांडव आहे. बांबू रोवलेले, त्यांना दोऱ्या सोडलेल्या. पाऊस ओसरला की दोरीला बी बांधायचं आणि पुढचा पाऊस लागायच्या आत माल काढायचा, असं चालतं. मांडवाच्या अलीकडे वाळूचा पट्टा आहे, सुकतीला (ओहोटीला) उघडा पडतो. तिथे पूर्वीपासून मुळे मिळतात. यंदा बारीक मुळे आणून तिथेच सोडले, म्हटलं वाढतील.

पण झालंय असं की, उधाणाची भरती येऊन गेली की त्या पट्ट्यावर गोल, उथळ खड्डे दिसतात, परातीएवढे. खड्ड्यात आणि कडेला मुळ्यांच्या कवचांचा चुरा. आतलं मांस साफ. दुसरीकडे मांडवावरच्या दोऱ्यांचे काही पट्टे उघडे पडलेत. शिनाणे गायब, दोरीला धरून ठेवणारे त्यांचे तंतू मात्र तसेच लोंबतायत.

माझे दीर म्हणतात, वागळ्यांचंच काम (वागळं म्हणजे पाकट, तो चपटा, पंखवाला मासा). भरतीला उथळ पाण्यात त्यांच्या पंखांची टोकं वर येतात, ती मीही पाहिली आहेत. आता तिथे जाळं लावून दिसतील तेवढी वागळी काढायची, असं घाटतंय. गटातल्या काही जणी म्हणतात, मध्यंतरी एक मोठं वागळं कापलं होतं, त्याच्या पोटात कवचाचा तुकडासुद्धा नव्हता, मग उगीच कशाला? मला दोन्ही बाजू पटतात, आणि जाळ्यासाठी वर्गणी काढायच्या आधी खात्री हवी आहे. हे पाकटच आहे का? असेल तर पट्टा राखायचा कसा? जाणकारांनी सांगावं, प्लीज.

सुकतीवाला

वागळ्यांचाच काम ता. भरतीक येतत, खड्डे करतत आनि सुकती लागली की परत जातत. आमच्याकडे लहानपणापासून बघतव. घाला जाळां.

रेवदंडाकर

ताई, खड्ड्यातल्या तुकड्यांचा फोटो टाका ना. कवच कसं फुटलंय यावर बरंच कळतं. नुसत्या खड्ड्यावरून कोणाला दोष देऊ नये.

खाजणकाठी

फोटो चढत नाहीये, इथे नेट म्हणजे नावालाच. वर्णन करते. पट्ट्यावरचे तुकडे वेडेवाकडे, दोन्ही शिंपा मधोमध चिरडलेल्या, काहींचा तर अगदी भुगा. मांडवाखाली गाळात सापडले ते तुकडे बारीक आहेत, शिनाणेही लहान होते. काही शिंपांची फक्त कड तुटलेली आहे, बाकी शिंप शाबूत. ती दोरीच्या अगदी खालच्या टोकाजवळ सापडली.

पाणथळ

आता गंमत आहे. ताई, माझ्या मते हा एक चोर नाही, निदान तिघे आहेत.

पट्ट्यावरचं आधी. तुमच्या दिरांचं बरोबर आहे, पण अर्धं. सगळी पाकटं शिंपले फोडत नाहीत. आपल्या जाळ्यात नेहमी येणारी लहान पाकटं मुख्यतः कोळंबी, किडे, बारीक खेकडे खातात. मुळे फोडणारी जात वेगळी: डोकं चोचीसारखं पुढे आलेलं, शेपूट चाबकासारखं लांब, काळपट पाठीवर पांढरे ठिपके. दुसऱ्या एका जातीच्या कपाळाला मधोमध खाच असते आणि ती झुंडीने फिरते. पंखांची टोकं पाण्याबाहेर काढत उथळात येणारी बहुधा हीच दोन.

यांचं तोंड पोटाच्या बाजूला. आत सुटे दात नसतात, चपट्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटून फरशी घातल्यासारखं पाटं तयार झालेलं असतं. वरच्या आणि खालच्या पाट्यामध्ये मुळा चिरडला जातो. पुढच्या पट्ट्या झिजून पडतात, मागून नव्या पुढे सरकत राहतात. अख्ख्या माशात हाड नाही, जबडासुद्धा कूर्चेचा. तरी कवच फुटतं, कारण या जबड्याला आतून कडक आडव्या टेकूंचा आधार असतो.

खड्डा कसा पडतो ते पाहण्यासारखं आहे. पाकट वाळूवर बसतं, पंख हलवतं आणि तोंडाने पाणी आत घेऊन जोरात बाहेर फेकतं. वाळू उडते, मुळा उघडा पडतो. पुरलेला मुळा सापडतो कसा? तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात. जिवंत प्राण्याभोवतीचा अगदी क्षीण विद्युतप्रवाह त्यांतून त्याला जाणवतो, डोळ्यांची गरजच नाही.

आता पोटात तुकडे न सापडण्याबद्दल. यावरूनच तुमच्यात वाद आहे ना? पाकट कवच सहसा गिळत नाही. चिरडल्यावर तोंडातच मांस वेगळं करतं आणि तुकडे थुंकून टाकतं. म्हणून पोटात कवच मिळालं नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. थुंकलेला चुरा खड्ड्यातच पडलेला असतो, तो तुम्ही पाहिलाच आहे.

मांडवाचं मात्र मला वेगळं दिसतं. लोंबत्या दोरीवर जाऊन खायला पाकटाच्या तोंडाची ठेवणच सोयीची नाही. तिथे माझा संशय पालू माशावर. पुढे सुळे, बाजूला दाढांसारखे गोल दात, आणि खारं-गोडं दोन्ही पाणी चालतं, त्यामुळे खाडीत आत शिरतो. याचेच भाऊबंद भूमध्य समुद्रातल्या शिनाण्यांच्या शेतीत कायमची डोकेदुखी आहेत. लहान शिनाणे ओढून घेतात, तंतू दोरीवरच राहतात. आणि खालच्या टोकाची कड तुटलेली शिंप म्हणजे कुर्लीचं (खेकड्याचं) काम. नांगीने कडेकडेने तोडत जाते. तुमच्या दोऱ्या गाळाला टेकतात का?

खाजणकाठी

टेकतात! सुकतीला खालचा भाग गाळातच असतो. आणि पालू मांडवाभोवती भरपूर, पोरं गरी टाकून काढतात.

रेवदंडाकर

झालं मग. दोऱ्या आखडून घ्या, सर्वांत मोठ्या सुकतीलाही तळाला लागू देऊ नका. कुर्लीचा प्रश्न निम्म्याहून जास्त तिथेच मिटेल. बी बांधल्यापासून ते बोटाएवढं होईपर्यंत मांडवाला चारी बाजूंनी जाळी लावा, पालूसाठी. आणि पोरांना गरी टाकू द्या, उलट जास्त टाकू द्या.

शिंपेला एखादं गोल, गुळगुळीत छिद्र पाडलेलं दिसलं तर मात्र तो मासाही नाही आणि कुर्लीही नाही, शिकारी गोगलगाय आहे. ते वेगळं प्रकरण.

सुकतीवाला

पण पट्ट्याचा काय? वागळी तर येतलीच.

पाणथळ

येणारच, आणि म्हणूनच जाळ्याचा खर्च मला पटत नाही. एकतर ती भरतीबरोबर बाहेरून येतात, आज काढलीत तरी पुढच्या उधाणाला दुसरी येतील. दुसरं, कपाळाला खाच असलेल्या त्या जातीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. असा मासा काढत गेलात तर तो लवकर संपतो.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट उपसागरात कालवं वाढवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तिथली पाकटं मारली. मग कोणीतरी पोटं तपासली तर कालवं जवळजवळ नाहीतच. कालवं फस्त करत होते खेकडे, आणि पाकटं त्या खेकड्यांना खात होती. (पोटात कवच नसलं तरी मांस ओळखता येतं, म्हणून आधीच्या मुद्द्याशी याचं भांडण नाही.) तुमच्या पट्ट्यावर पाकट दोषी आहे हे चुऱ्यावरून दिसतंय. पण त्याच खाडीत ते तुमच्या कुर्ल्याही कमी करत असणार.

पट्टा राखायला दोन उपाय आहेत. बारीक मुळे सोडल्यावर वरून जाळी अंथरून कडा वाळूत नीट पुरून टाका. अमेरिकेत शिंपल्यांची शेती करणारे हेच करतात. जाळीवर शेवाळ चढतं, ते अधूनमधून झाडावं लागतं, नाहीतर खालचे मुळे गुदमरतात. किंवा पट्ट्यात बांबूच्या काठ्या जवळजवळ रोवा, पाकटाचे पंख पसरायला जागाच राहता कामा नये. कोकणात बांबू स्वस्त पडेल, पण उधाणात किती काठ्या टिकतील ते तुमच्या जागेवर अवलंबून. मुळे मोठे आणि जाड झाले की ही जाळी किंवा काठ्या काढल्यात तरी चालेल, जबड्यात मावत नाही त्याच्या वाटेला पाकट फारसं जात नाही.

आणि त्या पट्ट्यावर भरतीत उतरताना पावलं उचलून टाकू नका, तळाला घासत चाला. पाकट आवाजाने आधीच सरकतं. त्याच्या शेपटीचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर ठेवा, कळ उतरते. मग डॉक्टरकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. काटा छातीत-पोटात घुसला असेल तर स्वतः उपटू नका.

खाजणकाठी

खूप आभार सगळ्यांचे. दोऱ्या या भांगालाच (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) वर घेतो. जाळी आधी अर्ध्या पट्ट्यावर अंथरणार, उरलेला अर्धा तसाच उघडा ठेवणार, म्हणजे दिरांनाही दिसेल. तुकड्यांची पिशवी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कोणाला तरी दाखवायचाही विचार आहे, तिथे भाचा शिकतो.

एक राहिलंच. मांडवाजवळ जाळ्यात केंड मासे पण येतात, फुगलेले. तेही शिनाणे खातात का? आणि शेजारचे ते कोंबड्यांना घालायचं म्हणतायत, चालेल?

रेवदंडाकर

केंड खातो, चोचीसारखे चार दात असतात, कवच सहज फोडतो. कोंबड्यांना अजिबात घालू नका, कुत्र्या-मांजरांनाही नको. त्याचं विष शिजवूनही जात नाही. मांडवापासून लांब, जमिनीत खोल पुरा.